सलाईन लावताना हातात नेमकं काय जातं?



गटांचे हिशेब बघायला गावोगाव फिरते, तेव्हा अंतर्गत कर्जाच्या रजिस्टरात एक कारण हमखास सापडतं. बियाणं, शेळी, शाळेची फी आणि ‘दवाखाना’. जरा खोलात विचारलं की बऱ्याचदा उत्तर एकच मिळतं, "अंगात ताकद नव्हती ताई, दोन बाटल्या लावल्या." बाटली म्हणजे सलाईन. त्या बाटलीत काय होतं, कशासाठी लावली, कोणी लावली, असं विचारलं की बाया एकमेकींकडे बघून हसतात. व्याजाचा दर तोंडपाठ, हप्ता तोंडपाठ, पण आपल्याच शिरेतून आत काय गेलं ते ठाऊक नाही. म्हणून या अंकात हाच विषय घेतला.

मी समाजकार्य शिकलेली आहे, नर्सिंग नाही. त्यामुळे खालची माहिती प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना पुन्हा पुन्हा विचारून, त्यांच्या ट्रेमधलं सामान हातात घेऊन बघून लिहिली आहे.

आधी बाटलीचंच बघू. सलाईन म्हणजे मिठाचं निर्जंतुक पाणी. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, म्हणजे चहाचा एक सपाट चमचासुद्धा भरत नाही. बाकी सगळं पाणी. ग्लुकोजची बाटली असेल, जिच्यावर ५ टक्के डेक्स्ट्रोज लिहिलेलं असतं, तर त्या अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम ग्लुकोज असतं. पाच चमचे साखर समजा. तिच्यातून मिळणारी ऊर्जा साधारण अर्ध्या ज्वारीच्या भाकरीइतकी. त्यात ना लोह, ना प्रथिनं. कुठे कुठे बाटलीत पिवळं औषध सोडतात आणि बाई म्हणते की मला भारीतली पिवळी बाटली लावली. तो पिवळा रंग बहुतेक वेळा बी जीवनसत्त्वाचा असतो. तेच जीवनसत्त्व गोळीत मिळतं, आणि डाळी, शेंगदाणे, पालेभाजीतूनही मिळतं.

"पण ताई, लावल्यावर बरं वाटतं की!" हे प्रत्येक बैठकीत कोणी तरी म्हणतंच, आणि ते खोटं नाही. उन्हात सोयाबीन काढताना दिवसभरात दोन तांबे पाणीही प्यायलं नसेल तर शरीर खरंच सुकलेलं असतं, पाणी मिळालं की तरतरी येते. दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं. सलाईन लावलेल्या बाईला तीन-चार तास कोणी उठवत नाही. स्वयंपाक कर, पाणी भर, गुरांचं बघ, असं म्हणत नाही. सासूसुद्धा बाजूला बसून कपाळावरून हात फिरवते. एवढी विश्रांती घरात बाटलीशिवाय मिळत नसेल, तर त्याबद्दल आपण गटात वेगळं बोलायला हवं. पण त्यासाठी शीर उघडायची गरज नाही.

कारण शीर उघडणं साधं काम नाही. तोंडावाटे जे जातं ते पोटातून, आतड्यातून गाळून रक्तात जातं. शिरेतून जे जातं ते थेट रक्तात, आणि तिथून थोड्याच वेळात हृदयापर्यंत पोहोचतं. मध्ये राखणदार नाही. औषध लगेच लागू पडतं ते त्यामुळेच, आणि घाण गेली तर तीही लगेच सगळीकडे पोहोचते.

सुई आत राहते का?

सर्वात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हा. "हात वाकवला तर सुई आत तुटेल का?" नाही. हातात सुई राहतच नाही. जे राहतं ती मऊ प्लास्टिकची बारीक नळी असते, साधारण एक-सव्वा इंच लांब. तिला कॅन्युला म्हणतात, काही सिस्टर इंट्राकॅथ म्हणतात. ही नळी सुईवर म्यानासारखी बसवलेली असते. सुई फक्त वाट करून देते आणि लगेच बाहेर येते.

आता हे कसं करतात ते बघा, म्हणजे आपल्यासमोर होत असताना बरोबर चाललंय का हे कळेल. सिस्टर आधी हात धुतात किंवा हाताला सॅनिटायझर चोळतात, हातमोजे घालतात. कोपराच्या वर रबरी पट्टा आवळतात, त्यामुळे खालच्या शिरा फुगतात. मूठ उघडझाप करायला सांगतात. बोटांनी चाचपून शीर शोधतात. शक्यतो ज्या हाताने आपण जेवतो-काम करतो तो सोडून दुसरा हात, आणि मनगट किंवा कोपराचा सांधा टाळून सपाट जागा. मग स्पिरिटच्या बोळ्याने जागा पुसतात आणि ती वाळू देतात. हे वाळू देणं महत्त्वाचं आहे, जंतू मरायला तेवढा वेळ लागतो. एकदा पुसलं की त्या जागी पुन्हा बोट लावायचं नाही.

कॅन्युलाचं सीलबंद पाकीट आपल्यासमोर फाडलं गेलं पाहिजे. त्वचा खाली ताणून सुई तिरपी आत जाते. शिरेत पोहोचली की सुईच्या मागच्या पारदर्शक डबीत रक्ताचा थेंब दिसतो. तो दिसला की सुई आणखी आत ढकलत नाहीत, फक्त प्लास्टिकची नळी तिच्यावरून पुढे सरकवतात. पट्टा सोडतात, वरून शीर दाबून धरतात, सुई काढून घेतात, टोपण किंवा सलाईनची नळी जोडतात. थोडं सलाईन सोडून वाट मोकळी आहे का बघतात, चिकटपट्टी लावतात आणि तीवर तारीख-वेळ लिहितात. काढलेली सुई पुन्हा झाकण लावून ट्रेमध्ये ठेवायची नसते. ती लगेच पांढऱ्या, न टोचणाऱ्या जाड डब्यात जाते. सगळं नीट झालं तर पाच मिनिटांचं काम.

प्रत्येक वेळी नीट होतंच असं नाही. शरीर सुकलेलं असेल, फार बारीक किंवा फार जाड हात असेल, थंडी असेल, तर शीर सापडत नाही. मग हात खाली लोंबता ठेवायचा, कोमट पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं वरून गुंडाळायचं, सिस्टरने परवानगी दिली असेल तर पाणी प्यायचं. एकाच माणसाने दोनदा प्रयत्न करून जमलं नाही, तर दुसऱ्या अनुभवी सिस्टरला बोलवा असं म्हणायचा आपल्याला हक्क आहे. भांडून नव्हे, साध्या शब्दांत.

कॅन्युलाचे रंग बघितलेत? ते उगाच नाहीत. पिवळी सर्वात बारीकांपैकी, लहान लेकरांसाठी. निळी त्याहून थोडी मोठी, गुलाबी मोठ्या माणसांना नेहमीच्या सलाईनसाठी, हिरवी जाड, राखाडी आणखी जाड. बाळंतपणाला गेलेल्या बाईच्या हातात हिरवी कॅन्युला बघून नातेवाईक कुरकुरतात, "एवढी जाड कशाला, आणि सलाईन तर सुरूच नाही." कारण असं की बाळंतपणानंतर जास्त रक्त जाणं हे आपल्या देशात आया दगावण्याचं एक मोठं कारण आहे. रक्त वाहायला लागलं की शिरा आत बसतात, तेव्हा शोधूनही सापडत नाहीत. आणि त्या वेळी रक्त, औषध, पाणी सगळं भराभर द्यावं लागतं, ते बारीक नळीतून जात नाही. म्हणून शिरा भरलेल्या असतानाच वाट करून ठेवतात. ही कॅन्युला वापरावी लागली नाही तर आनंदच.

यात बांगड्यांचा विषय येतो. हात सुजला की बांगड्या आणि अंगठी रुततात, मग कापाव्या लागतात. चुडा उतरवणं काहींना अशुभ वाटतं, ते मी समजू शकते. पण निदान ज्या हाताला कॅन्युला लावायची त्या हातातल्या बांगड्या दुसऱ्या हातात चढवा. दवाखान्यात निघताना घरीच, तेल लावून, सावकाश.

हाताकडे कोणाचं लक्ष?

सरकारी दवाखान्यात एक सिस्टर आणि वीस खाटा असतात. ती प्रत्येकीच्या हाताशी बसू शकत नाही. सोबतीला गेलेल्या बाईने बघायच्या गोष्टी खरं तर थोड्याच आहेत.

जागा फुगली, ताठ झाली, गार लागते, दुखते, आणि थेंब पडायचे थांबले किंवा अडखळले, तर सलाईन शिरेत न जाता बाहेर मांसात चाललंय. लगेच सांगायचं. साधं सलाईन असेल तर सूज दिवसभरात उतरते, पण काही औषधं बाहेर गेली तर कातडी जळते. जागा लाल झाली, गरम लागते, शीर दोरीसारखी कडक झाली, तर शिरेला सूज आली आहे. ती कॅन्युला काढून दुसरीकडे लावावी लागते. "आत्ताच लावलीय, परत टोचतील," म्हणून गप्प राहू नका. बऱ्याच ठिकाणी तीन-चार दिवसांनी कॅन्युला बदलतात, आणि काम संपलं की ती त्याच दिवशी निघाली पाहिजे.

सलाईन सुरू असताना अंगात हुडहुडी भरली, अंगावर गांधी उठल्या, छाती दाटली, धाप लागली, तर नळीवरचं चाक बंद करा आणि मोठ्याने हाक मारा. कॅन्युला मात्र ओढून काढू नका, उलट्या औषधासाठी डॉक्टरांना तीच वाट लागते.

त्या चाकाबद्दल सांगायचंच होतं. ठिबक सिंचनाचा कॉक जसा आपण फिरवतो तसं लोक हे चाक फिरवतात, कारण शेवटची एसटी गाठायची असते. अर्ध्या लिटरची बाटली चार तासांत द्यायची असेल तर नेहमीच्या सेटमधून, ज्याचे २० थेंब म्हणजे एक मिली, मिनिटाला साधारण ४० थेंब पडतात. डॉक्टरांनी हा हिशेब रुग्णाचं वय आणि आजार बघून केलेला असतो. म्हातारं माणूस, हृदयाचा किंवा किडनीचा रुग्ण, अंगात रक्त फार कमी असलेली बाई, यांच्यात भराभर गेलेलं पाणी फुप्फुसात साचतं आणि माणूस कासावीस होतं. एसटी चुकू द्या.

बाटली संपत आली की हवा आत जाईल या भीतीने नातेवाईक नळी पिळतात, गाठ मारतात. तसं काही करू नका. चाक बंद करा, सिस्टरला सांगा. नळीत थोडं रक्त उलटं चढलेलं दिसलं तरी घाबरायचं नाही, पण सांगायचं, कारण ते गोठलं की वाट बंद होते.

आपल्या भागात आणखी एक पद्धत पडलीय. उद्या परत इंजेक्शन आहे म्हणून कॅन्युला हातातच ठेवून घरी पाठवतात. घरी आल्यावर बाई काय करते? भांडी घासते, शेण काढते, धुणं धुते. पट्टी ओली होते आणि तिच्याखाली जंतू वाढतात, तेही थेट रक्ताच्या दारात. तसं घरी पाठवत असतील तर आधी विचारा, की गोळीने भागणार नाही का? उद्या पुन्हा टोचलं तर चालणार नाही का? ठेवावीच लागली तर तो हात पूर्ण कोरडा, शेणा-मातीत अजिबात नाही, आणि घरातल्यांनी तेवढे दिवस भांडी घासायची. पुरुषांनाही येतात भांडी घासता. लेकराला दूध पाजायला मात्र काही हरकत नाही, फक्त त्याच्या हाताला नळी लागू देऊ नका.

कॅन्युला काढल्यावर कापूस दोन-तीन मिनिटं दाबून धरायचा. चोळायचा नाही. तिथे हळद, चुना, तंबाखूची राख काहीही लावू नका. दोन-चार दिवसांनीही जागा लाल, दुखरी राहिली किंवा थंडी वाजून ताप आला, तर दवाखान्यात परत जा.

बोगस डॉक्टरकडची स्वस्त बाटली

दुचाकीवर पिशवी घेऊन येणारा, ओट्यावर खिळ्याला बाटली टांगणारा डॉक्टर आपल्या ओळखीचा आहे. तो उधारीवर लावतो, रात्री येतो, गोड बोलतो. सरकारी दवाखान्यातल्या वागणुकीच्या तुलनेत तो बरा वाटतो, हे मी नाकारत नाही. पण त्याच्या पिशवीत पांढरा डबा असतो का, पाकीट तो आपल्यासमोर फाडतो का, हे कोणी बघितलंय? गुजरातमध्ये मोडासा परिसरात २००९ साली कावीळ बी ची साथ पसरली. ती वापरलेल्या सुया-सिरिंजा पुन्हा वापरल्यामुळे पसरली होती आणि त्यात अनेक माणसं दगावली. उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊ भागात २०१८ साली चाळीसहून जास्त लोकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं आढळलं. एक फिरता बोगस डॉक्टर एकच सुई अनेकांना वापरत होता, असा आरोग्य खात्याचा संशय होता. तिथल्या लोकांनाही तो स्वस्त आणि जवळचाच वाटत असणार.

मग सलाईन लागतं कधी? जुलाब-उलट्यांनी माणूस इतकं सुकलं की पाणी पोटात टिकत नाही, लघवी होत नाही, डोळे खोल गेलेत, शुद्ध हरपतेय. फार रक्त गेलंय. ऑपरेशन आहे. साप चावलाय, कारण सापाच्या विषावरचं औषध शिरेतूनच देतात, तेव्हा मांत्रिकाकडे वेळ न घालवता १०८ ला फोन करायचा. अशा वेळी सलाईन जीव वाचवतं आणि तिथे नको म्हणायचं नाही.

साध्या जुलाबाला मात्र ओआरएसची पुडी पुरते. ही गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगते. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या बांधायला लावल्या. स्वच्छ पाण्यात कालवलेलं ते मिश्रण रुग्णांचे नातेवाईकच त्यांना पाजत होते. मरणाऱ्यांचं प्रमाण शंभरात तीसच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं. डॉक्टर २०२२ साली वारले, पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आज ती पुडी आशाताईकडे फुकट मिळते. एक पुडी, एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, २४ तासांत संपवायचं.

आणि रोजचा अशक्तपणा? त्यासाठी बाटली नव्हे, आधी हिमोग्लोबिन तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. मिठाच्या पाण्याने रक्त वाढत नाही. लोहाच्या गोळ्यांनी वाढतं, त्या रोज घेतल्या तर. (गोळीने शी काळी होते, ते नॉर्मल आहे. पोट बिघडत असेल तर बंद करू नका, सिस्टरला विचारा. चहाबरोबर मात्र घेऊ नका.)

गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर ते कमी. ७ च्या खाली गेलं तर धोका मोठा. दिवस भरत आले असतील किंवा गोळ्या सोसत नसतील, तर डॉक्टर लोह शिरेतून देतात, आयर्न सुक्रोज म्हणून. ही बाटली मात्र खरोखर औषधाची. साध्या सलाईनमध्ये कालवल्यावर ती कोऱ्या चहासारखी दिसते. एकाच वेळी सगळा डोस देत नाहीत, दोन-चार वेळा बोलावतात, प्रत्येक वेळी जायलाच हवं. ही फक्त जिथे डॉक्टर आणि उलटं औषध हजर आहे अशाच ठिकाणी घ्यायची, घरी ओट्यावर अजिबात नाही. दिल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं. आणि हाताकडे लक्ष, कारण हे लोह शिरेबाहेर गेलं तर कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि तो वर्षानुवर्षं, कधी कायमचा राहतो. जळजळलं की त्याच क्षणी सांगायचं.

खर्चाचं सांगायचं तर, सरकारी रुग्णालयात गरोदर आणि बाळंत बाईला तपासणी, औषध, रक्त, सगळं मोफत आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत इतर रुग्णांनाही तपासणी आणि उपचार मोफत झालेत. सलाईन सेट बाहेरून आणा अशी चिठ्ठी कोणी दिली तर ती फेकू नका, जपून ठेवा आणि ग्रामसंघाच्या बैठकीत आणा. तक्रारीसाठी आणि माहितीसाठी १०४ हा नंबर आहे.

पुढच्या महिन्याच्या ग्रामसंघ बैठकीला उपकेंद्राच्या सिस्टर येणार आहेत. न वापरलेल्या दोन-तीन रंगांच्या कॅन्युला घेऊन येते म्हणाल्यात, हातात घेऊन बघता येतील. हिमोग्लोबिन तपासणीही त्याच दिवशी आहे. सासवांना बरोबर आणा, त्यांचंही तपासू. येताना आपलं गरोदरपणाचं कार्ड आणि जुने रिपोर्ट आणायला विसरू नका.

— तुमची क्षेत्र समन्वयक